सामाईक भिंतीचे फोटो

जुने घर विकायला काढले की गिऱ्हाईक पहिल्यांदा फोटो मागते. दुरुस्तीनंतरचे मागते तसे आधीचेही मागते. आधीचे कशाला, हे बहुतेकांना सांगता येत नाही. घर आतून काय होते ते पाहिले म्हणजे आता जे दिसते त्यावर विश्वास बसतो, असे काहीतरी असावे.

वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयातली नोकरी सोडल्यावर मी या व्यवसायात आलो. राहायला परभणीत, घरे घ्यायची ती सेलू, पालम, सोनपेठ अशा तालुक्याच्या गावांत. मुले पुण्याला नोकरीला लागतात, मागे घराला कुलूप लागते, आणि काही वर्षांनी ते विकायला निघते. अशी घरे घेऊन, दुरुस्त करून विकायची. बांधकाम मिस्तरी बघतो. माझ्याकडे कागदपत्रे आणि कॅमेरा.

फोटोची पद्धत ठरलेली आहे. प्रत्येक खोली दाराच्या चौकटीला पाठ टेकवून, छातीच्या उंचीवरून, एकाच भिंगातून. मध्ये सामान नको, भिंतीवर काही टांगलेले नको. या व्यवसायातले काहीजण आधीचा फोटो संध्याकाळी खिडक्या लावून घेतात आणि नंतरचा सगळे दिवे लावून, रुंद भिंगातून. मग दहा फुटांची खोली मंगल कार्यालयासारखी दिसते. सेलूत ते चालत नाही. गिऱ्हाईक दोन गल्ल्या सोडून राहणारे असते. त्याने ते घर कुणाच्या तरी बारशात आतून पाहिलेले असते. म्हणून दोन्ही फोटो सारखे निघायला हवेत आणि फरक दिसायचा तो फक्त कामाचा. तीच जागा, तीच उंची, सकाळचा तोच उजेड. एवढे पाळले की तुलना खरी होते, अशी माझी समजूत होती.

सेलूचे ते घर स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरून गल्लीत वळले की दुसरे. कापसाचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबाचे होते. पहिले, म्हणजे अगदी कोपऱ्यावरचे घर, एका निवृत्त शिक्षिकेचे. दोन्ही घरांत भिंत एकच. हे दोन प्लॉट एकत्र आले तर खाली दुकाने आणि वर राहायची जागा अशी इमारत उभी राहते, हे या व्यवसायातल्या कुणालाही पहिल्या फेरीतच दिसते. मलाही दिसले. पुढचे वाचताना वाचकाला ते माहीत असलेले बरे.

सामाईक भिंतीला हात लावण्याआधी शेजाऱ्याच्या बाजूचाही फोटो काढायचा आणि तो शेजाऱ्याला द्यायचा, हा माझा नियम. हातोडा एका घरात चालतो आणि तडा दुसऱ्या घरात दिसतो. तडा कामाआधीचा की नंतरचा, यावर माणसे एकमेकांशी बोलणे टाकतात. फोटो असला की प्रश्न मिटतो.

म्हणून गणपती उठल्यानंतर एका सकाळी मी मिस्तरीला घेऊन शेजारी गेलो. रात्री पाऊस झाला होता. अंगणातली काळी माती चपलेला चिकटून वर येत होती. शिक्षिका सत्तरीच्या. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. पती रेल्वेत होते, ते वारले. एकुलता मुलगा पुण्यात संगणकाच्या कामात. गावात त्यांना सगळे बाई म्हणतात. मिस्तरी त्यांच्याच वर्गात शिकलेला.

"भिंतीचा कसला फोटो काढायलात?" बाईंनी विचारले. "भिंत काय लग्नाला उभी हाय?"

मी कारण सांगितले.

"म्हणजे उद्या माझी भिंत पडली की तुमी म्हणणार, आमच्या फोटोत तर उभी व्हती."

मिस्तरी म्हणाला, "बाई, तुमच्या भिंतीला मी हात लावंल का? तुमी दिलेल्या छड्यांचे वळ अजून हायत."

"येवढ्या छड्या खाऊन अक्षर का न्हाई सुधारलं मग?"

मागच्या खोलीत सामाईक भिंतीला लाकडी फळी ठोकलेली होती. तिच्यावर बुद्धमूर्ती, मागे दोन तसबिरी, पुढे अर्धी जळलेली मेणबत्ती. फळीला धक्का लावायचे कारण नव्हते. तिच्या उजवीकडची भिंत कोनाड्यापर्यंत मोकळी होती. आमच्या बाजूला तिथेच जुनी न्हाणी फोडायची होती. मी तेवढ्या भागाचा फोटो घेतला. आकाशी रंगाचा चुना, एका जागी ओलीचा डाग, बाकी भिंत सरळ.

"हे फोटो माझ्या लेकालाबी पाठवत जा," बाई म्हणाल्या. "तिकडं बसून त्याला माझ्या घराची लय काळजी."

मुलाचा नंबर त्यांनी पाठ म्हणून दाखवला. फोटो त्याला गेला. खाली मी एक शब्द लिहिला होता: आधी.

काम हिवाळाभर चालले. आमच्या बाजूची न्हाणी फोडली, सांडपाण्याचा पाईप बदलला, फुगलेला गिलावा खरवडून नवा केला. जुन्या शहाबादी फरश्या काढल्या. चांगल्या होत्या त्या अंगणात बसवल्या. बाई अधूनमधून दारातून डोकावून जायच्या आणि मिस्तरीला भिंत तिरपी आहे असे सांगायच्या. तो ओळंबा लावून दाखवायचा. भिंत सरळ असायची. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा सांगायच्या.

एप्रिलमध्ये रंग झाला आणि मी नंतरचे फोटो काढायला गेलो. आमच्या मागच्या खोलीत नव्या गिलाव्यावर केसाएवढी रेघ दिसली. मिस्तरीने तिच्यावरून नख फिरवले.

"पाणी कमी पडलं म्हणावं तर रोज मारलंय," तो म्हणाला.

मग मी शेजारी गेलो. जयंती दोन दिवसांवर आली होती. बाईंच्या पुढच्या खोलीत गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. खिरीला दूध किती लागेल यावर वाद चालू होता. बाईंनी तिथूनच हात हलवला, "जा, काढून घ्या तुमचा फोटो," आणि पुन्हा दुधाकडे वळल्या.

मागच्या खोलीत त्या मोकळ्या भिंतीवर आता कॅलेंडर होते. पहिल्या फोटोत तिथे काही नव्हते. दोन्ही फोटो सारखे हवेत, म्हणून मी कॅलेंडर खिळ्यावरून काढून पलंगावर ठेवले. त्याच्या मागे तडा होता. कोनाड्याच्या खालच्या कोपऱ्यातून निघून तिरपा फळीच्या दिशेने गेलेला, आत रुपया उभा राहील एवढा रुंद. चौकटीला पाठ टेकवून मी फोटो काढला आणि कॅलेंडर परत टांगले.

बाई दारात येऊन उभ्या होत्या.

"काढलात?"

"काढला. बाई, भिंतीला तडा गेलाय."

"उन्हाळा हाय," त्या म्हणाल्या. आणखी काही बोलतील असे वाटले, पण बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या.

उन्हाळ्याचा आणि भिंतीचा संबंध मी त्या वेळी लावला नाही. परभणी जिल्ह्यात वाढलेल्या माणसाने तो लावायला हवा. इथली काळी माती उन्हाळ्यात फाटते, शेतात चालताना भेगेत पाय जातो, आणि पावसाळ्यात तीच माती फुगून भेगा बुजतात. शेताबद्दल हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. घराखालीही तीच माती आहे, हे मात्र फरशी टाकल्यावर कुणाच्या लक्षात राहत नाही. संध्याकाळी मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून मुलाला पाठवले. डावीकडे आधी, उजवीकडे नंतर.

त्याचा फोन लगेच आला.

"काका, हे काय आहे?"

"भिंत आहे. तडा नवा दिसतोय."

"दिसतोय म्हणजे? तुमचेच दोन फोटो आहेत."

त्याचे बरोबर होते. माझ्याच नियमाने पाहिले तर तो फोटो आमच्या विरुद्ध पुरावा होता.

मुलगा जयंतीला दरवर्षी येतो, तसा याही वर्षी आला. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी त्याने मला आणि मिस्तरीला बोलावले. गल्लीत निळ्या पताका अजून लोंबत होत्या. मागच्या खोलीत आम्ही तिघे उभे, बाई पलंगावर बसलेल्या. कॅलेंडर मुलाने काढून ठेवले होते. चाळिशीच्या आतबाहेरचा, शांत बोलणारा माणूस. त्याने विचार करून ठेवला होता आणि तो क्रमाने सांगितला. भांडायचे नाही, तक्रारही करायची नाही. पण असल्या भिंतीखाली आईला ठेवणार नाही. पुण्याच्या घरात तिच्यासाठी खोली आहे. पावसाळ्याच्या आत ती तिकडे येईल आणि हे घर विकायचे.

"तुम्हालाच हवं असेल ना, काका?" तो म्हणाला. "कोपऱ्याचं आहे."

"हवं आहे," मी म्हणालो. "भाव योग्य देईन."

"मला इचारलं का कुणी?" बाई म्हणाल्या.

"आई, प्लीज."

"न्हाई, दोघांचा सौदा चालू द्या. मी आपली पलंगासोबत बसते. पलंगबी विकायलाव का?"

"तडा बघ ना तू."

"बघितलाय. तू जन्मायच्या आधीपासून बघायलेय. ती भेग दर उन्हाळ्यात उघडती अन् पावसाळ्यात मिटती."

"पावसात भिंती पडतात, आई. मिटत नाहीत."

"ही मिटती."

"बरं. मी दरवर्षी येतो. एप्रिलमध्ये येतो, दिवाळीला येतो. मग मला कधीच कशी दिसली नाही ही भेग?"

 बाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. मुलगा वाट पाहून माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. आई खोटे बोलते आहे हे परक्यांसमोर उघड झाल्याचा संकोच होता.

मिस्तरी पुढे आला. तो म्हणाला, "दादा, न्हाणी फोडताना मी बाईच्या बाजूला एक ढपली पडू दिली न्हाई. तुमी काकांचे फोटो बघून मला दोष द्या, पण गावात बोलू नका. हितं माझं काम तोंडातोंडीच चालतंय."

"मी तुम्हाला काहीच म्हणत नाही."

"म्हणायलाव की. न बोलता म्हणायलाव."

पावसाळ्यापर्यंत थांबलो असतो तर भिंतीनेच उत्तर दिले असते. पण मुलाला भीती पावसाळ्याचीच होती, आणि ती रास्त होती. पुण्यात बसून रात्री पावसाची बातमी बघणाऱ्या माणसाला 'थांबून बघू' असे सांगता येत नाही. बाईंचे घर सुटणार की राहणार, हे त्याच दुपारी ठरणार होते आणि ठरवायला समोर माझे दोन फोटो होते. बातमीच्या टेबलावर असे झाले असते तर पहिला प्रश्न आला असता की हे कधीचे. 'आधी' आणि 'नंतर' हे उत्तर कुणी चालवून घेतले नसते. मी मनातल्या मनात महिने लावून पाहिले. एक भाद्रपदातला, एक चैत्रातला. जागा तीच, उंची तीच, उजेड तोच. ऋतू वेगळा.

"या भिंतीचा आणखी एखादा फोटो आहे का?" मी विचारले. "आमचं काम सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यातला?"

"भिंतीचा फोटो कोण काढतं?" मुलगा म्हणाला. मग थांबला. "आईचे आहेत."

प्रत्येक वेळी निघायच्या दिवशी तो आईला फळीशेजारी उभी करून एक फोटो काढत असे. बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती, बाजूला पांढऱ्या साडीतली आई. त्याने फोन काढला आणि मागे मागे जाऊ लागला. मागच्या दिवाळीचा सापडला: बाईंच्या मागे मोकळी भिंत, तडा नाही. त्याच्या आधीच्या एप्रिलचा सापडला: फोनने चेहरा उठावदार करण्यासाठी मागचे सगळे पुसट केले होते. भिंत म्हणजे आकाशी धुके.

"हा फोन महाग घेतला म्हणूनच," मिस्तरी म्हणाला. कुणी हसले नाही.

त्याच्याही आधीचे फोटो जुन्या, स्वस्त फोनवरचे होते आणि त्यात सगळे सारखेच स्पष्ट होते. दिवाळी: बाई, मोकळी भिंत. एप्रिल: बाई, मागे कॅलेंडर. दिवाळी: मोकळी भिंत, आणि कडेला दाराजवळच्या खिळ्यावर कॅलेंडर. एप्रिल: पुन्हा बाईंच्या मागे, कमरेच्या उंचीवर, जिथे कुणी कॅलेंडर टांगत नाही अशा जागी. मुलाचे बोट सावकाश सरकत होते. त्याने ते फोटो अनेकदा पाहिले असणार. पाहिली ती आई; आईच्या मागचे कॅलेंडर कोण बघतो?

एका एप्रिलच्या फोटोत पंखा चालू होता. कॅलेंडरची खालची पाने उडून वर आली होती. मुलाने दोन बोटांनी तो भाग मोठा केला. पानांच्या खाली भिंतीवर काळी रेघ होती, आणि तिचा तिरपेपणा समोरच्या तड्याशी जुळत होता. त्या फोटोच्या वेळी मी सेलूत घर घेतलेले नव्हते.

मिस्तरीने मोठा श्वास सोडला. मुलाने फोन खाली केला.

"आई, कॅलेंडर."

"हं."

"तू दरवर्षी हलवायचीस?"

"जयंतीच्या आधी हिकडं आणायचं. पाऊस सुरू झाला की परत दाराशी. त्याला काय लागतं, एक खिळा."

"झाकत आलीस तू. इतकी वर्षं."

"कॅलेंडर टांगलं. झाकलं म्हणू नगस."

"तेच ते. का पण?"

"तुला दिसली असती तर तू तवाच गाठोडं बांधलं असतंस माझं. आता बांधायलायसच की."

मुलगा पलंगाच्या कडेला बसला. इतका वेळ तो प्रमाण भाषेत बोलत होता. आता त्याचा आवाज गावचा झाला.

"अन् आणखी काय काय झाकलंयस? मला कसं कळावं, आई? मी फोन करतो, तू म्हणतीस सगळं बरं हाय. मी काय धरून चालू?"

बाई त्याच्याकडे वळल्या.

"तुजी नोकरी गेल्ती," त्या म्हणाल्या. "तवा तू रोज सकाळी फोन करून म्हणायचास, आई, ऑफिसला निघालो. मागं गाड्यांचा आवाज न्हाई, कुकरच्या शिट्ट्या. मी इचारलं का, काय झाकायलास म्हणून?"

दाराशी उभा असलेला मिस्तरी अंगणात निघून गेला. मीही जायला हवे होते, पण दाराकडे जायला त्या दोघांच्या मधून जावे लागले असते. मुलाने दोन्ही हातांनी तोंड पुसले.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगंल? पोरांच्या तोंडावरून वळखण्यातच माझी सगळी नोकरी गेली."

 बाईंनी उठून चहा टाकला. मी परभणीतल्या ओळखीच्या अभियंत्याला फोन लावला. तो दुसऱ्या दिवशी गाडीने आला. त्याने पायाजवळ थोडे खणून पाहिले, माझे दोन्ही फोटो आणि मुलाच्या फोनमधलेही पाहिले. पाया उथळ आहे, खाली काळी माती आहे, भिंत मातीबरोबर हलते. लगेच पडण्यासारखे काही नाही, पण लक्ष ठेवायला हवे. पायाशी पाणी साचू द्यायचे नाही, कडेने उताराची फरशी करायची. आत्ता उघडलेल्या तड्यात सिमेंट ठोकले तर पावसाळ्यात माती फुगेल आणि भिंत दुसरीकडे फाटेल, हेही त्याने सांगितले. आमच्या नव्या गिलाव्यावरची केसाएवढी रेघ त्याच हालचालीची होती. पाणी कमी पडले नव्हते.

मुलाने सगळे ऐकून घेतले. मग आईला विचारले, "पडलीस का कधी? खरं सांग."

"न्हाणीत एकदा. थंडीत. भिंतीला टेकले म्हणून वाचले."

"याच भिंतीला?"

"दुसरी कोणती हाय तिथं?"

त्याने डोळे मिटले. हसला की काय ते नीट कळले नाही. पुण्याच्या गाडीला अजून वेळ होता. तो न्हाणीत गेला, आतली घोटीव, बुळबुळीत फरशी बोटांनी घासून पाहिली, उंबऱ्याची उंची पाहिली, दिव्याचे बटण कुठे आहे ते पाहिले. तडा बघायला तो इतका वाकला नव्हता. बाहेर येऊन त्याने मिस्तरीला हाक मारली.

"न्हाणी करायची. उंबरा काढा. फरशी खरखरीत घाला. अन् धरायला दांडा."

"अन् भिंत?" मिस्तरीने विचारले.

"कडेची फरशी करा ते म्हणाले तशी." मग आईकडे वळून, "राहा तू. पण ते कॅलेंडर दाराशीच राहील. बारा महिने."

"मग इथं काय टांगू?"

"काही नको. दिसू दे."

माझ्याकडे वळून त्याने एवढेच म्हटले, "काका, मग घराचं राहू द्या." मी म्हणालो, राहू द्या. दोन प्लॉट एकत्र येण्याचा विषय तिथे संपला. बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या, तेव्हा म्हणाल्या, "तुमी पहिल्यांदा आलात तवाच तुमची नजर मापं घ्यायली व्हती. मी वर्गात खिशात बोरं घेऊन बसणारी पोरं वळखायचे." मी नाही म्हणालो नाही.

आमचे घर पावसाळ्याच्या तोंडावर विकले गेले. घेणाऱ्याला मी सामाईक भिंतीचे दोन्ही फोटो दाखवले, या वेळी खाली महिना लिहून. त्याने भाव थोडा खाली आणला आणि घेतले. आता प्रत्येक फोटोखाली महिना असतो. वर्तमानपत्रात जे पहिल्या आठवड्यात शिकवतात ते इथे उशिरा सुरू झाले, एवढाच त्याचा अर्थ.

बाईंच्या न्हाणीचे काम श्रावणात झाले, मिस्तरी दुसऱ्या कामातून मोकळा झाल्यावर. मी सहज गेलो होतो. तडा मिटला होता. जागा माहीत होती म्हणून रेघ दिसली. न्हाणीत मात्र वेगळे काम चालले होते. या व्यवसायातली प्रत्येक दुरुस्ती अजून न आलेल्या माणसासाठी असते. रंग असा हवा की कुणालाही आवडेल, फरशी अशी की कुणाच्याही सामानाला शोभेल. त्या कुणाहीचा चेहरा नसतो, आणि म्हणून फोटोत घर मोकळे ठेवावे लागते. इथे मिस्तरी दांड्याची उंची ठरवायला बाईंना हात पुढे करायला सांगत होता, आणि त्या हाताच्या उंचीवर पेन्सिलने खूण करत होता. दुसऱ्या कुणाला तो दांडा एक तर वर पडला असता किंवा खाली.

दांडा बसला तेव्हा बाईंनी त्याला टिचकी मारली.

"येवढा जाड? म्हैस बांधायची हाय का हितं?"

"बाई, तुमच्या लेकानं सांगितलंय, हत्ती लोंबकळला तरी निघाया नको."

"मला हत्ती म्हणायलास?"

तेवढ्यात मुलाचा फोन आला, व्हिडिओचा. त्याला दांडा बघायचा होता. मिस्तरीने फोन धरतो म्हटले. बाईंनी तो त्याच्या हातून घेतला आणि आम्हा दोघांना बाहेर व्हायला सांगितले. न्हाणीत दोन बाप्यांचे काय काम, म्हणाल्या. आम्ही अंगणात आलो. दार अर्धे उघडे होते. आतले बोलणे ऐकू येत होते.

"आई, धरून दाखव."

"धरलंय. दिसायलंय का?"

"नुसतं छत दिसतंय. फोन खाली घे."

"आता?"

"आता तुझा कान. आई, दोन्ही हातांनी धरता येतं का ते बघायचंय मला."

"दोन्ही हातांनी धरलं तर फोन कशानं धरू?"

"ते तू बघ, पण धर."

"मग फोन ठेवते," बाई म्हणाल्या, आणि ठेवला.